दाताखाली

लिही, इदू.
आजचे साचे दोनशे चाळीस.
अकरा तडकले, सहांतले पाव करपले.
करपलेले मोजायचे की नाही
ते तुझ्या वरच्याला विचार.
मला विचारशील तर
भूक काळं-गोरं बघत नाही.

उजाडायच्या आत मी बाभळीचा जाळ करते,
साचे उपडे रचते एकावर एक,
लाल झाले की ओढून काढते,
पीठ ओतते, वर दुसऱ्याचं झाकण,
आणि निखाऱ्यात पुरते मानेपर्यंत.
माझ्या भुवया कधीच जळून गेल्या.
कशा दिसतात कोण जाणे,
आरसा करायला तांबं लागतं
आणि तांबं सगळं जातं छिन्न्यांना.

पूर चढलाय. होड्या आता थेट धक्क्याशी लागतात,
पलीकडच्या काठावरचा पांढरा दगड घेऊन.
इंकाफ म्हणतो, एका खेपेला तीस दगड,
तीस दगडांमागे चाळीस माणसं.
चाळीस माणसांमागे माझे पाव किती?
तू बोटं मोडून सांगशील लगेच.
मला फक्त एवढं ठाऊक,
की होडी दिसली की कणीक वाढवायची
आणि टोळीतला तो जाड्या
दोन खाऊन तिसऱ्याकडे बघणार.

मला काय मिळतं तेही लिहिलंयस तू.
दहा दिवसांचे जव, बिअरचे दोन घडे,
खारवलेला मासा, निम्मा काटाच.
एक घडा निकाऊला, चपलेच्या पट्ट्याचा.
मागल्या खेपेला सुईपायी कांद्यांची माळ दिली,
सुई वाकडी निघाली.
माझे कांदे सरळ होते रे.

आणि ही धूळ.
वर ते दिवसभर दगड घासतात
आणि इथे पिठावर पांढरी साय येते.
झाकून बघितलं, ओलं फडकं टाकून बघितलं,
चाळणीतूनही गळून येतेच.
राजाचा डोंगर उभा राहतोय म्हणतात.
थोडा थोडा तो आम्ही खातो रोज,
पोरं खातात, मुकादम खातो,
दाढा झिजतात सगळ्यांच्या सारख्या.
त्याचा रकाना नाही तुझ्याकडे.

वेर्काला आठवतोस ना? माझा भाऊ.
घसरगाडीखाली पाय गेला त्या दिवशी
तूच सावलीत उभा होतास, कान झाकून.
वैद्याने फळ्या बांधल्या, हाड जुळलं,
जुळलं पण वाकडं जुळलं, माझ्या सुईसारखं.
दहा दिवस त्याचा पाव आला.
अकराव्या दिवशी तू बोट ओलं केलंस
आणि त्याचं नाव पुसलंस.
शाई ओली असो वाळलेली असो, नाव
किती पटकन निघतं, नाही?
मी बघत होते. तुझं बोट काळं झालं,
मग तू ते धोतराला पुसलंस.

आता तो माझ्या भट्टीमागे बसतो,
लाकडं फोडतो, साचे लिंपतो,
रात्री झोपेत दोर ओढतो.
ओढ, ओढ, म्हणतो.
मी उठून त्याच्या मुठी सोडवते.

अकरा तडकले म्हणाले ना मघाशी?
दहाच तडकले.
काल दहा म्हणाले, तेव्हा नऊ होते.
खापऱ्या पडल्यात तिकडे कोपऱ्यात,
तू रोज त्यांना वळसा घालून जातोस,
वाकून कधी मोजत नाहीस.
उन्हं डोळ्यावर येतात म्हणून असेल.
मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस.

गाल सुजलाय तुझा आज. डावीकडची दाढ?
थांब. हा मधला मऊ गर काढून ठेवलाय,
बिअरमध्ये भिजवलाय जरा.
उजवीकडून खा.
जपून चाव,
कितीही चाळलं तरी
एखादा खडा राहतोच.

हं, लिही.
अकरा.