कमजोर दिलवाल्यांसाठी सूचना

मेळ्याच्या अगदी टोकाला, मौत का कुआँच्या पाठीशी,
जिथे ट्रॅक्टरवाल्यांचे तंबू संपतात
आणि जनरेटरांचा धूर सुरू होतो,
तिथे पत्र्याचा भूतबंगला.
दारावरच्या सांगाड्याला एका हाताला सहा बोटं.
पेंटर बहुधा गप्पा मारत होता.

तिकीट चाळीस. भाच्याचं अर्धं.
"कमज़ोर दिल वाले अपनी ज़िम्मेदारी पर,"
मफलर गुंडाळलेला माणूस भोंग्यातून बजावत होता,
आणि मधेच, भोंगा तोंडाशी तसाच धरून,
"ए बबलू, चाय भेज."

जानेवारीतलं ग्वाल्हेर.
धुकं फुकट होतं, बाकी सगळ्याला खर्च आलेला:
थर्माकोलची थडगी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या,
दोरीवरून यायची होती ती कवटी
अर्ध्यातच अडकली.
मग कुणीतरी मागून काठीने ढोसलं
आणि ती आली,
जेवणं उरकल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी ओशाळी.
अबीर तिला म्हणाला, "आओ."

पुढच्या वळणावर मानेवर कूलरचा वारा.
थंडीतला कूलर. हे मात्र खरंच भयंकर होतं.

तेवढ्यात जनरेटर गेला.
टेपमधलं हसणं आधी जाडं झालं,
मग लांबलं, मग बसलं.
लाल बल्ब विझले,
आणि जो अंधार आला
तो तिकिटात धरलेला नव्हता.

पडद्यांपलीकडून भुतं एकमेकांवर ओरडू लागली,
"डीज़ल देख!"
"सुबह ही बोला था मैंने!"
अबीरने माझं बोट असं आवळलं
की अंगठी रुतली.

आणि कुणीतरी, अगदी कानाशी,
"ताई, पाय उचला. खाली वायर आहे."

मराठीत.

मी पाय उचलला.
तो खाली ठेवायला मला वेळ लागला.

या शहरात माझं मराठी उरलंय
रविवारी फोनवर, बेळगावच्या मावशीपुरतं,
आणि गणपतीत, आरतीपुरतं.
अबीरशीसुद्धा हिंदीतच.
अंधारात मराठीतून कुणी सावध करण्याला
आई गेली तेवढी वर्षं झाली.
लाइट गेले की ती काडेपेटी शोधता शोधता
अख्खं घर बोलून दाखवायची:
इथे पाट आहे, इथे बादली,
तू आहेस तिथेच थांब.

"तू मराठी?"
"आईकडून. आजोळ माधोगंजात. तुम्ही?"
"दौलतगंज."
"मग जवळच की."

मोबाइलच्या उजेडात दिसली:
पांढरी साडी, आत मरून स्वेटर,
केसांचा टोप एका कानावर घसरलेला,
पावडर फासलेल्या ओठाला थंडीची चीर.
वीस-एकवीसची असेल.
साडेतीनशे रोज, म्हणाली, वर एक जेवण.
"घाबरत नाही हो कुणी. पोरं सेल्फी मागतात."

अबीरने विचारलं, "आपको डर लगता है?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली,
"लाइट गेली की. लोक हात लावतात."
मघाशी वायर सांगितली
त्याच आवाजात.

मी काही बोलणार
तोच बाहेर काहीतरी धडधडलं,
बल्ब लाल झाले,
हसणं जिथे बसलं होतं तिथून उठलं.
तिने टोप सरळ केला,
"सॉरी हं," म्हणाली,
आणि माझ्या तोंडासमोर जीव खाऊन किंचाळली.
मीही किंचाळले,
लांब, चाळीसच्या चाळीस रुपयांची.

बाहेर मफलरवाला, "डर लगा, मैडम?"
समोरच्या ठेल्यावरून मी गजक घेतली, अर्धा किलो.
"ये अंदर दे देना. चुड़ैल को."
"कौन सी? तीन हैं."

नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"मरून स्वेटर," अबीर म्हणाला.

मफलरवाल्याने पुडा काखेत मारला,
भोंगा उचलला,
आणि धुक्यातल्या सगळ्या मेळ्याला ऐकवलं,
"मरून स्वेटर वाली चुड़ैल, गेट पर आओ,
आपके घर से कोई आया है."