मधले बारा हात

मोरीपर्यंत रस्ता झेडपीचा,
देवळापासून खाली बांधकामचा,
जेटीचा उतार बंदर खात्याचा.
मधले बारा हात
कुणाच्याच नकाशात नाहीत.

पंचायतीचा शिपाई भिवा होडेकर
रेंजसाठी मसणाच्या चढावर जाऊन
तिन्हीकडे फोन लावून आला.
तिघेही म्हणाले, पत्र द्या.

रोलरपुरती मांदेली उचलून
खारवणी कडेला उभ्या,
टोपल्या डोक्यावरच.
घमलीबाई, विजापूरकडची,
पायांना गोणपाट बांधलेली,
पिंप कलतं करून विचारते,
उरलंय एवढं. कुठं ओतू?

भिवा काही बोलत नाही.
चपलेच्या टाचेने धुळीत
एक रेघ मोरीकडे, एक देवळाकडे.
रोलरवाल्याने
इंजिन बंद केलं नव्हतंच.

संध्याकाळी रजिस्टरात नोंद:
डांबर सांडले.
अंदाजे बारा हात.