खालच्या पट्टीत

अकरा महिने इझबेल उभी आहे
स्वतःच्याच घराच्या दाराशी,
कडीवर हात, बूट ओले.
पान एकशे बारा.
आत कोण आहे ते मला ठाऊक नाही,
आणि तिला, बिचारीला, थंडी वाजते.

मी मर्डीना मॉरिसन, वय त्रेपन्न.
स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं देते.
लोक विचारतात, कादंबरी कुठवर आली?
मी म्हणते, वारा पडला की सुटेल.
बोटीबद्दलच बोलतेय असं समजून
ते कॉफी प्यायला निघून जातात.

रात्री प्रार्थना करते, म्हणजे भांडते.
प्रभू, पानभर नको, एक ओळ दे.
तू नुसतं बोललास आणि उजेड झाला,
मी अकरा महिने बोलतेय,
वातसुद्धा धरत नाही.
मग गुडघे दुखतात. मग उठते.
आमच्या दलदलीतलं पीट सहजी पेटत नाही;
खोडलेली पानं खाली सारली
की भुरकन घेतं.
तेवढा उपयोग आहे माझ्या लिहिण्याचा.

आमच्या देवळात वाद्य नसतं.
पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, एवढंच.
टॉरमॉड समोर बसतो, तोंड मंडळीकडे करून,
आयुष्यभर मागावर ट्वीड विणलेला म्हातारा.
स्तोत्राची ओळ तो एकटा म्हणतो
आणि मागून मंडळी ती उचलते,
कुणी लवकर, कुणी रेंगाळत, जो तो आपल्या वळणानं,
जशी मेंढरं एका फाटकातून सुटतात
आणि डोंगरभर होतात.

त्या रविवारी तिसऱ्या ओळीत त्याचा आवाज फाटला.
फाटला कसला, गेलाच.
दीडशे माणसं. कुणी खोकलं नाही.
मला वाटलं उठावं, पळावं,
माझंच पान सगळ्यांसमोर उघडं पडलंय.
छपरावर एक फरशी वाऱ्यानं खडखडली.
मग त्यानं आवंढा गिळला
आणि तीच ओळ पुन्हा धरली,
पार खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी.
आणि मंडळी
काही न म्हणता
तिथवर खाली उतरून आली.

बाहेर पडताना मी विचारलं, घाबरला नाहीस?
घाबरलो की, म्हणाला टोपी शोधत.
पण ओळ माझी थोडीच आहे?
माझं काम ती दोन पावलं पुढे टाकायची,
जिथून श्वास पुरेल तिथून.
टोपी खिशातच होती.

आणि घरी येताना, कुंपणापाशी, आली.
ओळ. आख्खी, ओली,
नुकत्याच उभ्या राहिलेल्या कोकरासारखी.
पण आज रविवार.
आमच्याकडे आज कपडेही वाळत घालत नाहीत,
लेखणी कुठली उचलणार!
अकरा महिने मागितली, आणि दिलीस ती आजच?
आभाळाकडे बघून मी हसले, चांगलीच चिडून.
काल सोलून ठेवलेले बटाटे उकडले.
गरम घास धरावा तशी ती ओळ
तोंडात धरून हिंडले दिवसभर,
बहिणीशीही बोलले नाही, सांडेल म्हणून.
संध्याकाळची उपासना. घर. घड्याळ.

बारा वाजले. वही उघडली.
ओळ नव्हती.
सांडली कुठेतरी,
सूप आणि आमेन यांच्या मध्ये.

एरवी ते पान चुलीत गेलं असतं.
त्या रात्री बसून राहिले.
भांडण आठवेना, मागणंही.
पाठीमागे दीडशे माणसं गप्प बसलीत असं वाटलं,
आणि त्यांच्याही मागे आणखी कोणी,
ज्याला मुळीच घाई नाही.

आवंढा गिळला.
श्वास पुरला तिथून लिहिलं:
इझबेलनं आधी बूट काढले.

तेवढंच.
दार अजून बंद आहे.
सकाळी सातची बोट. वारा पडलाय म्हणतात.