भिंतीला तोंड

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला तोंड होतं:
तपकिरी, बॅकेलाइटचं, विटेएवढं,
फिरवायचं बटण एकच.
आवाज कमी, आवाज जास्त.
दुसरं केंद्र नव्हतंच, त्यामुळे निवडीचा त्रासही नव्हता.

कुल्डिगाच्या घराघरात ती तार
माझ्या वडलांनी ओढलेली. आर्विड्स लाइनमन.
खांबावर चढताना दातांत खिळे धरायचे,
कुणी काही विचारलं तर नुसतं "हं".
घरीही तेवढंच बोलायचे,
खिळे नसताना.

सकाळी सहाला घंटा, मग कवायत,
मग बिटाचं पीक, ठरल्यापेक्षा एकशे बारा टक्के.
आई पातेल्यावर झारा आपटायची,
"एवढी बीटं, मग बाजारात काय नुसता पाला?"
आम्ही हसायचो. पोट धरून हसायचो.
आपण फसत नाही, याचं केवढं समाधान असतं ते!

शनिवारी संध्याकाळी मुलांची गोष्ट लागे.
मऊ आवाजाची एक बाई.
साळू, तिचं बीळ, तिनं साठवलेली सफरचंदं,
आणि लांबून आलेला एक पाहुणा,
त्याच्या अंगाला कुजक्या पानांचा वास.
"पाहुणा" म्हणण्याआधी बाई जरा थांबायची.
एवढंच. एका श्वासाइतकं.
त्या थांबण्यावर आई कधी हसली नाही,
तिला ते ऐकूच आलं नसेल.
मला आलं.
सात वर्षांची मी, आई वेणी घालतेय,
चुलीत बर्चची लाकडं तडतडतायत.
इतकं सुरक्षित मला पुन्हा कधी वाटलं नाही.

त्याच हिवाळ्यात ओत्तीलिया परत आली,
सायबेरियातून, लाकडी पेटी घेऊन.
मी जन्मले त्या वर्षी तिला नेलं होतं.
शेजारचं घर तिचंच, आता त्यातली एक खोली तिची.
त्या खोलीतही डबा वडलांनीच लावलेला.

कुंपणावरून तिनं मला नासपती दिली,
वाळवलेली, सुरकुतलेली, रुमालात गुंडाळलेली.
मी घेतली. आभार मानले, शिकवल्याप्रमाणे.
मग वळणापाशी जाऊन ती बर्फात पुरली,
बुटानं दाबली,
आणि बर्फानंच हात धुतले.

कुणी सांगितलं नव्हतं.
आयुष्यभर हेच म्हणत आले मी,
कुणी सांगितलं नव्हतं,
जणू त्यानं गुन्हा हलका होतो.

तिनं खिडकीतून पाहिलं का, ठाऊक नाही.
पुढे बावीस वर्षं ती शेजारी राहिली.
भेटली की माझ्या हातांकडे बघायची.
किंवा मलाच तसं वाटायचं.

तार तुटली तेव्हा मी बेचाळीसची.
चौकात नाच, पुतळ्याच्या गळ्यात दोर.
माझ्या भावानं, गुंटिसनं, डबा उपटून
कोंबड्यांच्या खुराड्यात भिरकावला.
भिंतीवर विटेएवढा फिकट चौकोन उरला.
दोनदा रंग दिला त्यावर.
उन्हं तिरपी आली की अजून दिसतो.

आता नातवाच्या तळहातावर
हजार तोंडं. तो म्हणतो, मी निवडतो.
परवा हसत होता, कुणा मंत्र्याची थाप दाखवत:
"आजी, असल्यावर कोण विश्वास ठेवतं?"
कुणीच नाही रे, मी म्हटलं.

मग अंगठ्यानं सरकवून त्यानं पुढचं लावलं.
एक हसरी मुलगी केक करत होती,
अंडी फोडता फोडता सांगत होती
आपल्या गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडाबद्दल,
आणि "ते लोक" म्हणण्याआधी
जरा थांबली.

मी नातवाकडे पाहिलं.
तो केककडे पाहत होता.

"मागे घे जरा," मी म्हटलं.

"चार अंडी, आजी," तो म्हणाला.
"मी मोजली."