सातवी ओळ

शनाभाई ओल्या फडक्यानं फळा पुसतो
आणि वाळेपर्यंत त्याच्यासमोर उभा राहतो,
लिहिलेलं काही वाचत असल्यासारखा.
मग पंखा दोनवर, खुर्च्या छत्तीस,
दाराशी रजिस्टर. त्यात माझं नाव मंजरी.
मी मंजिरी.
एका वेलांटीचा फरक, एप्सिलॉनहून लहान.
सही करून टाकली.

पादऱ्याहून सातची बस धरून येते मी,
तीन दिवस, वडोदऱ्याला, गणित विभागात.
विषय: पदवीच्या वर्गाला सातत्य कसं शिकवावं.
डभोईचे दोघे आहेत, एक करजणची मुलगी नुकतीच लागलेली,
आणि छोटाउदेपूरचे राठवा सर,
शेवटच्या रांगेत, डबा मांडीवर.
मी गुजरातीत शिकवते, इंग्रजीत लिहिते,
आणि हिशोब अडला की आतल्या आत मराठीत मोजते,
एकोणसाठ, साठ, एकसष्ट.
तेवढं एक खातं अजून तिकडंच आहे.

पहिल्या दिवशी सांगितलं,
स्लाइडवर पाचच ओळी. मुलांच्या डोळ्यांत बघा. गट पाडा.
आम्ही गट पाडले. रंगीत कागद कापले.
राठवा सर म्हणाले, माझ्या वर्गात एकशेवीस मुलं आणि एक खिडकी.
सगळे हसले. मग चहा आला.

दुसऱ्या दिवशी कढी-खिचडीनंतरचा तास,
पंख्यालाही जांभई येते तो,
डॉ. अंजारियांच्या वाट्याला.
साठीची बाई, पदराला खडूची पूड,
स्लाइड नाही, प्रास्ताविक नाही,
एकसमान सातत्य म्हणत सरळ फळ्यावर.
पहिली ओळ, दुसरी, तिसरी,
आमच्या वह्या मागून धावत.
सहाव्या ओळीला त्यांनी चष्मा वर केला.
सातवी लिहिली.
आणि थांबल्या.

आमच्याकडे पाठ. हातात खडू.
मी एकापासून मोजायला लागले,
चाळीस झाले, ऐंशी झाले.
बाहेर कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं, तेही ऐकू आलं.
आयोजक उठले, मॅडम, चहानंतर घेऊ या?
त्यांनी न वळता हात वर केला,
आंधळ्याला रस्ता ओलांडू द्यावा तसा.
दोनशे अकराला त्या म्हणाल्या,
आ खोटुं छे.

गुजरातीत खोटुं म्हणजे चूक, एवढंच.
जन्म इथं गेला माझा, मला काय ठाऊक नाही?
पण कान मराठी. त्याला ऐकू आलं,
हे खोटं आहे.
आणि बावीस वर्षं मी कुठं कुठं
सातव्या ओळीवरून आठवीवर उडी मारली,
घंटा होणार म्हणून, पोर्शन राहील म्हणून,
ते सगळे फळे एकदम समोर आले.

मागून राठवा सर, दबकतच,
बेन, एक भागिले क्ष घेतलं तर? शून्याजवळ?
तिथं तर एकच डेल्टा सगळ्यांना पुरत नाही.
बाई वळल्या. इतक्या खूश झालेल्या
की त्यांचा चष्मा घसरला.
अंतराल बंद आहे हे म्हणायचंच राहिलं!
मी दार उघडं टाकलं, आणि सगळं बाहेर गेलं.
मग खडू त्यांनी राठवा सरांच्या हातात दिला.
सर डबा कुठं ठेवावा या विचारात
थोडा वेळ तसेच उभे.

संध्याकाळी शनाभाईनं विचारलं, बेन, आ राखुं?
कुणी काही बोललं नाही. त्यानं ती एक ओळ सोडून
बाकीचा फळा पुसला.
तिसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांनी
आपली उद्दिष्टं तिच्या आजूबाजूला लिहिली,
पाहुण्यांच्या घरी झोपलेल्या पोराला
वळसा घालावा तशी.

परतीच्या बसमध्ये प्रमाणपत्र उघडलं.
मंजरी यांनी कार्यशाळा यशस्वीरीत्या पूर्ण केली.
विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी, सगळे वाकून
काठावरची मगर शोधत होते.
बस थांबली तेवढ्यात पेन काढलं.
ज च्या अलीकडं जागा नव्हती,
तरी वेलांटी घातली, थोडी वाकडी.
खोटुं होतं ते.