निव्वळ

देवास नाक्यावरच्या धर्मकाट्यावर मी अकरा वर्षं बसतो.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी.
वजाबाकी यंत्र करतं.
माझं काम एवढंच : ड्रायव्हर खाली उतरलाय का बघणं,
क्लीनर ताडपत्रीखाली झोपलेला नाही ना,
आणि पावतीवर शिक्का.
आमचा काटा दहा किलोच्या आतलं काही ओळखत नाही.
पायलीभर सोयाबीन सांडलं तरी त्याला पत्ता नसतो.

नंदानगरच्या सोनोग्राफीत काटाच नव्हता.
भिंतीवर पाटी, मुलगा की मुलगी विचारणं गुन्हा आहे.
मला ते विचारायचंच नव्हतं. मला वजन हवं होतं.
छाबडा मॅडमनी इरावतीच्या पोटावर जेल ओतलं,
'ठंडा लगेगा' म्हणाल्या, तोवर लागून गेलं होतं.
पडद्यावरच्या करड्या धुरळ्यात
एक फुली इथे ठेवली, एक तिथे,
मधे तुटक रेघ.
डोक्याचा घेर. पोटाचा घेर.
मांडीचं हाड पासष्ट मिलिमीटर,
आमच्या शिक्क्याच्या दांड्याएवढं.
तेवढ्यावरून यंत्र म्हणालं
दोन हजार तीनशे शेहेचाळीस ग्रॅम,
आणि लगेच पुढे, अधिक-उणे तीनशे त्रेचाळीस.

मॅडम, हे तीनशे धरायचे की सोडायचे?
'अंदाज़ है,' त्या म्हणाल्या. 'थोड़ा छोटा है. दो हफ़्ते बाद फिर देखेंगे.'

अंदाज.
मागल्या पोळ्याला भंवरलालनं चाळीस किलोंसाठी
माझी कॉलर धरली होती.
आणि इथे पाव किलोहून जास्त इकडेतिकडे,
तरी त्या बाईंनी शांतपणे हातमोजे काढले,
पुढच्या नंबरला हाक मारली.
मिळवले तर सासूबाई पेढे आणतील.
वजा केले तर
मला तो आकडा मोठ्यानं म्हणवला नाही.

बापट चौकापर्यंत इरावती गप्प होती.
सिग्नल सुटला तेव्हा पाठीमागून म्हणाली,
काट्यावर घे.

रात्रीचे साडेनऊ. शेवटचा ट्रक जाऊन फलाट मोकळा.
स्कूटर मधोमध उभी केली, दोघंही बसूनच राहिलो.
केबिनवरचे लाल आकडे पेटले.
दोनशे चाळीस.
दोनशे पन्नास.
दोनशे चाळीस.

स्कूटर एकशे सात, मी अडुसष्ट,
ती संध्याकाळी दवाखान्यात सत्तर भरलेली.
बरोबर काठावर.
तिच्या सत्तरातून ते एक वगळलं असतं
तर आकडा चाळीसवर मुकाट उभा राहिला असता.

हलू नको, मी म्हणालो.
मी नाही हलत, ती म्हणाली.

एबी रोडवरून गाड्या जातात, जमीन थरथरते.
वाराही असेल. सेलची तार जुनी आहे.
मला कारणं पाठ आहेत, भांडायला आलेल्या
प्रत्येक माणसाला मीच ती सांगत आलोय.
त्या रात्री एकही सांगितलं नाही.

पावती काढली.
गाडी नंबर लिहिला. माल : ते कोरं सोडलं.
भरलेलं : दोनशे पन्नास.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी वरचा आकडा धरला.
रिकामं : कोरं. निव्वळ : कोरं.
तिनं घडी करून रिपोर्टच्या फाईलमधे घातली.

रिकामी गाडी घेऊन या, मग पुढचं भरू,
हे मी सगळ्यांना म्हणतो. तिलाही सवयीनं म्हणून गेलो.
ती म्हणाली, रिकामी कशाला येईन?
मांडीवर घेऊन येईन.
मग फरक निघणार नाही, मी म्हटलं,
काटा भरलेलंच दाखवेल.

नको निघू दे, म्हणाली,
आणि स्कूटर चालू कर, पाय सुजलेत.