सन्मतीचं राक्षससंग्राहालय

सन्मती मगदूमनं हळदीच्या पिवळ्यानं पाटी रंगवली:
राक्षससंग्राहालय.
एक काना जादा झाला. बाई म्हणाल्या, पूस.
तो म्हणाला, राहू दे की बाई,
त्या कान्याला टेकून एक जण झोपलाय.

हरिपुरात, संगमाच्या वरच्या अंगाला
हळदीची जुनी पेवं आहेत.
तोंड माठाएवढं, पोट हत्तीएवढं.
हळद आता गोदामात जाते,
पेवं नुसतीच आ वासून बसतात.

तिकीट: मूठभर भडंग.
भडंग नसेल तर स्वतःचा एक राक्षस आणावा.
पाटीच्या पाठीमागं नियम:
आत कुणी उतरायचं नाही, वरूनच बघायचं.
राक्षसांना चिडवू नये.
राक्षसांनी नौशादला चिडवू नये.

पेव एक. सन्मतीनं बॅटरी मारली.
"हा शाळेच्या मुतारीतला. शेवाळी रंगाचा.
नळ बंद केला तरी टपटपतो,
एकटं पोरगं गाठून नाव घेतो."
"माझं घेतलंवतं," नौशाद म्हणाला, "आडनावासकट!"

पेव दोन.
हा कारखान्याच्या भोंग्यात राहायचा.
पहाटे सगळ्यांची स्वप्नं मधूनच मोडून
उसासारखी चोखायचा
आणि चिपाडं टाकायचा उशाशी.
"दात बघा, किडलेत."
आम्ही वाकलो. आत अंधार होता,
आणि अंधाराला खरंच किडक्या दातांचा वास.

पेव तीन.
"काही दिसत नाही," मी म्हटलं.
"दिसत नाही, तोच तो."
नौशादनं भडंगातला एक शेंगदाणा खाली टाकला.
बराच वेळ काही नाही.
मग खालून
कुरुम.
पळालो ते थेट चिंचेपर्यंत.
सगळ्यांत पुढं सन्मती, आणि तोच मालक!

"आणि मगर?" कवलापूरहून आलेल्या पाहुण्या पोरानं विचारलं,
"नदीतली मगर कुठल्या पेवात ठेवलीस?"
सन्मतीनं त्याच्याकडं बघितलं,
मोठी माणसं लहानांकडं बघतात तसं.
"मगर राक्षस नाही रे. मगर शेजारीण आहे."

माझ्याकडं भडंग नव्हतं.
स्टीलचा डबा होता, झाकण सुतळीनं बांधलेलं.
"काय आहे?"
"आवाज."
"कसला?"
"पाणी जिन्यावरनं वर येतं, त्याचा.
रात्रीचा. एक पायरी चढतं. थांबतं.
मग दुसरी."

कुणी हसलं नाही.
नौशादनं मुठीतलं भडंग परत पिशवीत ठेवलं.
सन्मतीनं मला चौथं पेव दिलं, सगळ्यांत खोल,
स्वतःच्या राक्षसासाठी राखून ठेवलेलं.
डबा दोरीनं सोडला.
"खातो काय हा?"

ते मला ठाऊक होतं.
आत्याची शिलाई मशीन खाल्ली होती त्यानं.
गणिताची वही, न सोडवलेली, तेवढं बरंच झालं.
आणि दारामागच्या माझ्या उंचीच्या रेघा,
सहा वाढदिवसांच्या सहा.

आता मी रोज येते, शाळा सुटल्यावर.
वाकून एक गोष्ट सांगते, तेवढंच त्याचं खाणं.
परवा मशीनची सांगितली,
चाक उलटं फिरलं की कशी कुईं करायची,
आत्या तिला कशी शिव्या घालायची, लाडानं.
ऐकता ऐकता तो पायऱ्या मोजायचा थांबला.
खालून नुसता श्वास,
ओल्या गोधडीसारखा जड.

रेघांची गोष्ट मात्र मी सांगितली नव्हती.
ती माझ्याच घशात अडकलेली.

आज सन्मतीनं मला चिंचेला टेकवून उभं केलं,
डोक्यावर पाटी आडवी धरली, जादा कान्यासकट,
आणि हळदीनं खोडावर रेघ ओढली.
सातवी.

चौथ्या पेवातून कुणीतरी विचारलं,
"किती झाली?"

आम्ही तिघांनी ऐकलं.
पळालं कुणीच नाही.
नौशाद तर कडेला जाऊन, तोंडाशी हात धरून,
मोठ्यांदा सांगून आला.